भारताचा कंपाउंड तिरंदाजी संघ आणि बुलढाणा : आंतरराष्ट्रीय कामगिरीचे विवेचन

चीनमधील हांगझोऊ येथे भरलेल्या एकोणिसाव्या आशियाई क्रीडास्पर्धेत ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांच्या कंपाउंड तिरंदाजीचा सांघिक अंतिम सामना झाला. भारताच्या तीन तिरंदाजांनी चोवीस बाणांत २४० पैकी २३५ गुण मिळविले. प्रतिस्पर्धी दक्षिण कोरियाचा संघ २३० गुणांवर थांबला. विजयी त्रयीपैकी अभिषेक वर्मा हे दिल्लीचे, ओजस देवतळे हे नागपूरचे आणि प्रथमेश जवकार हे बुलढाण्याचे. देशाच्या राजधानीतील एक आणि विदर्भातील दोन अशी ही संघरचना होती. त्यांतही बुलढाण्यासारख्या, मोठ्या क्रीडासंकुलांसाठी कधीही ओळखल्या न गेलेल्या जिल्ह्यातील तरुणाचा समावेश ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

अशा यशाचे वर्णन बहुधा पदकांच्या मोजणीत संपते. पदके किती, हे सांगून संघ कसा घडला हे कळत नाही. तसेच हे यश कितपत टिकाऊ आहे, याचाही उलगडा होत नाही. त्यासाठी या क्रीडाप्रकाराचे साधन, त्याची गुणमोजणी आणि गेल्या काही वर्षांतील अंतिम सामन्यांचे आकडे एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

१. साधनाचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय तिरंदाजीत प्रामुख्याने दोन प्रकारची धनुष्ये वापरली जातात. पहिले रिकर्व्ह, याची टोके पुढील बाजूस वळलेली असतात आणि प्रत्यंचा बोटांनी ओढून बोटांनीच सोडली जाते. १९७२ साली म्युनिक येथे तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परत आली, तेव्हापासून तेथे याच धनुष्याच्या स्पर्धा होत आल्या. दुसरे कंपाउंड धनुष्य. याचा शोध अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी लावला. त्यांनी १९६६ साली एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ च्या अखेरीस ते त्यांना मिळाले. म्हणजे ज्या धनुष्याने भारताने आशियात आणि जगात सुवर्णपदके मिळविली, ते धनुष्य पुराणकालीन नसून अवघ्या सहा दशकांपूर्वीचे यंत्र होय.

या यंत्राचे मर्म त्याच्या दोन टोकांवरील चाकांत आहे. ही चाके पूर्ण वर्तुळाकार नसून त्यांचा आस मध्यापासून बाजूला सरकलेला असतो. प्रत्यंचा ओढू लागताच भार वाढत जातो. परंतु ओढ पूर्ण होण्याच्या सुमारास चाक अशा स्थितीत येते की भाराचा मोठा अंश चाक व तारा पेलतात आणि हातावरील ताण एकाएकी उतरतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धनुष्याचा कमाल भार ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलोग्रॅम, असू शकतो. यातील पाऊण भार उतरला असे धरल्यास नेम धरतेवेळी तिरंदाजाच्या हातावर सुमारे ७ किलोग्रॅमच उरतात. यावाचून दृश्य मोठे करणारे भिंग, धनुष्य तिरपे झाले की नाही हे दाखविणारा पाण्याचा बुडबुडा आणि बोटांऐवजी प्रत्यंचा सोडणारे कळीचे साधन, ज्यास खेळाडू ‘रिलीजर’ म्हणतात, यांचाही उपयोग करण्यास मुभा असते.

यावरून हा प्रकार सोपा असावा असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. यंत्राने स्नायूंचा भार हलका केल्यामुळे सर्वच चांगले तिरंदाज अचूकतेच्या शिखराजवळ पोहोचतात आणि स्पर्धा अत्यल्प चुकांवर येऊन ठेपते. रिकर्व्हमध्ये एखादा सैल बाण पुढे भरून काढता येतो. कंपाउंडमध्ये एक नऊ गुणांचा बाण संपूर्ण सामना घालवू शकतो.

२. गुणमोजणी आणि तिचा अर्थ

कंपाउंड प्रकारात लक्ष्य ५० मीटर अंतरावर असते. त्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत अवघे ४ सेंटिमीटर असतो. तिरंदाजाच्या डोळ्यापासून नेमाचे भिंग साधारणतः ८० ते ९० सेंटिमीटर दूर असते. अशा स्थितीत भिंग एका मिलिमीटरने हलले, तर लक्ष्यावर नेमाचा बिंदू साडेपाच ते सव्वासहा सेंटिमीटरांनी सरकतो. अर्थात एका मिलिमीटरची चूक दहाच्या वर्तुळाबाहेर नेण्यास पुरेशी आहे. वाऱ्याची झुळूक, श्वासाची लय, हृदयाचा वाढलेला ठोका या सर्वांचा हिशेब या एका मिलिमीटरात होतो.

वैयक्तिक सामन्यात प्रत्येकी पंधरा बाण आणि कमाल १५० गुण असतात. सांघिक सामन्यात तिघे मिळून प्रत्येकी दोन याप्रमाणे एका फेरीत सहा बाण सोडतात. अशा चार फेऱ्या, चोवीस बाण आणि कमाल २४० गुण. फेरीसाठी दोन मिनिटे मिळतात. मिश्र दुहेरीत एक पुरुष व एक महिला मिळून सोळा बाण सोडतात आणि कमाल गुण १६० असतात.

रिकर्व्हच्या सामन्यात फेरीगणिक गुण देऊन निकाल लावला जातो. तेथे एक फेरी दारुण हरली तरी पुढील फेरी नव्याने सुरू होते. कंपाउंडमध्ये सर्व बाणांची एकत्रित बेरीज धरली जाते. त्यामुळे पहिल्या बाणावर गमावलेला गुण शेवटच्या बाणापर्यंत खात्यावर राहतो. बरोबरी झाल्यास एकेक जादा बाण सोडला जातो, आणि तेथेही समानता राहिल्यास केंद्राच्या अधिक जवळचा बाण विजयी ठरतो.

३. आशियाई क्रीडास्पर्धांतील तीन अंतिम सामने

कंपाउंड तिरंदाजीचा आशियाई क्रीडास्पर्धेत प्रथम समावेश २०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे झाला. तेव्हापासून २०२३ पर्यंतच्या तीनही स्पर्धांत पुरुषांचा सांघिक अंतिम सामना भारत व दक्षिण कोरिया यांच्यातच झाला. संघाची प्रगती मोजण्यास याहून चांगली पट्टी मिळणे कठीण.

इंचॉन येथे रजत चौहान, संदीप कुमार आणि अभिषेक वर्मा यांच्या संघाने कोरियास त्याच्याच भूमीवर २२७–२२५ असे हरविले. त्याच स्पर्धेत वर्मा यांना वैयक्तिक रौप्य, तृषा देब यांना वैयक्तिक कांस्य आणि तृषा देब, पूर्वशा शेंडे व ज्योती सुरेखा वेन्नम यांच्या महिला संघास कांस्य मिळाले. २०१८ साली जाकार्ता येथे वर्मा, चौहान व अमन सैनी यांचा संघ आणि कोरिया यांची २२९–२२९ अशी बरोबरी झाली. जादा बाणांत कोरिया सरस ठरला आणि भारताच्या वाट्यास रौप्य आले. महिलांचा संघही कोरियाकडून २२८–२३१ असा पराभूत झाला. २०२३ साली हांगझोऊ येथे निकाल २३५–२३० असा लागला.

हे आकडे ओळीने मांडल्यास भारताचे २२७, २२९ व २३५, तर कोरियाचे २२५, २२९ व २३० असे दिसतात. नऊ वर्षांत भारताने आठ गुणांची व कोरियाने पाच गुणांची भर घातली. भारताची सरासरी दर बाणामागे सुमारे ९·४६ वरून ९·७९ पर्यंत गेली. म्हणजे दर तीन बाणांमागे एक गुण वाढला. वारा, उजेड व मैदानाची स्थिती प्रत्येक ठिकाणी निराळी असल्याने या आकड्यांची तुलना काटेकोर मानता येणार नाही. तथापि एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात उभ्या राहिलेल्या दोन संघांतील अंतर मात्र निःसंशय बोलके आहे : प्रथम दोन गुणांची आघाडी, नंतर शून्य, आणि अखेरीस पाच गुणांची आघाडी.

याच हांगझोऊ येथे ज्योती सुरेखा वेन्नम, अदिती स्वामी व परनीत कौर यांच्या महिला संघाने चायनीज तैपेईस २३०–२२९ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. ज्या २३० गुणांनी कोरियाच्या पुरुषांस रौप्यावर समाधान मानावे लागले, त्याच २३० गुणांनी भारतीय महिलांना सुवर्ण दिले. यावरून गुण आणि पदक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात यावे. मिश्र दुहेरीत देवतळे व वेन्नम यांनी कोरियावर १५९–१५८ अशी मात केली. सोळा बाणांत त्यांचा केवळ एक गुण गेला होता. वैयक्तिक स्पर्धेत वेन्नम यांनी कोरियाच्या सो चेवॉन यांना १४९–१४५ असे, तर देवतळे यांनी सहकारी वर्मा यांनाच १४९–१४७ असे पराभूत केले. अशा रीतीने कंपाउंडची पाचही सुवर्णपदके भारताकडे आली.

४. जागतिक स्पर्धांतील मार्ग

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंडचा समावेश १९९५ साली जाकार्ता येथे झाला. भारतास तेथील सुवर्णासाठी दीर्घ काळ प्रतीक्षा करावी लागली. २०१७ साली मेक्सिको सिटी येथे महिला संघ अंतिम फेरीत कोलंबियाकडून हरला. २०२१ साली अमेरिकेतील यँक्टन येथे महिला सांघिक, मिश्र दुहेरी व महिला वैयक्तिक अशा तीनही अंतिम सामन्यांत रौप्यच हाती आले.

मधल्या काळात मैदानाबाहेरील अडचणही होती. राष्ट्रीय संघटनेत दोन गट पडून दोन समांतर निवडणुका झाल्याने जागतिक संघटनेने ऑगस्ट २०१९ मध्ये भारतीय तिरंदाजी संघटनेस निलंबित केले. त्याच वर्षी बँकॉक येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय तिरंदाजांना राष्ट्रध्वजाविना, तटस्थ म्हणून उतरावे लागले. जानेवारी २०२० मध्ये हे निलंबन सशर्त उठले. कारभाऱ्यांच्या वादाची किंमत खेळाडूंना कशी मोजावी लागते, याचे हे ठळक उदाहरण होय.

२०२२ पासून इटलीचे माजी तिरंदाज सर्जिओ पाग्नी यांनी भारतीय कंपाउंड संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे वेन्नम, कौर व स्वामी यांच्या संघाने मेक्सिकोस २३५–२२९ असे हरवून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यातील सतरा वर्षांच्या अदिती स्वामी यांनी महिलांचे व ओजस देवतळे यांनी १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचे वैयक्तिक विजेतेपद पटकाविले. पुढे ७ सप्टेंबर २०२५ रोजी ग्वांगजू येथे ऋषभ यादव, अमन सैनी व प्रथमेश फुगे यांच्या पुरुष संघाने फ्रान्सला २३५–२३३ असे नमवून या गटातील भारताचे पहिले जागतिक सुवर्ण मिळविले. येथे नामसाम्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे : ग्वांगजूच्या संघातील प्रथमेश फुगे आणि हांगझोऊच्या संघातील प्रथमेश जवकार या दोन भिन्न व्यक्ती होत.

ही नोंद आणखी एका दृष्टीने महत्त्वाची आहे. २०२३ च्या विजयी पुरुष संघातील एकही नाव २०२५ च्या विजयी संघात नाही. तीन खेळाडू बदलूनही संघाने अंतिम सामन्यात तेच २३५ गुण मिळविले. संघाचे बळ एखाद्या व्यक्तीत न राहता निवडीच्या रुंद पायात उतरल्याची ही खूण होय. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की आशियाई सुवर्णपदक गळ्यात असलेल्या खेळाडूसही पुढील संघात स्थानाची शाश्वती नाही.

५. बुलढाण्याचा वाटा

पश्चिम वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पंचवीस लक्षांहून अधिक होती. सिंदखेडराजा, लोणार व शेगाव यांमुळे जिल्ह्याचे नाव सर्वत्र परिचित आहे. खामगाव कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे असले, तरी ते मोठ्या शहरांत गणले जात नाही. अशा ठिकाणी जागतिक दर्जाची तिरंदाजी कशी रुजली?

या प्रश्नाचे एक उत्तर खेळाच्या स्वरूपातच आहे. कंपाउंडच्या सरावास पन्नास मीटरांचे अंतर, मागे सुरक्षित आडोसा आणि लक्ष्य एवढे असले की काम भागते. गवताचे मैदान, तरणतलाव किंवा छप्पर असलेले सभागृह लागत नाही. संघ जमविण्यासाठी अकरा माणसेही लागत नाहीत; एक खेळाडू आणि त्याच्या मागे उभा राहून चूक ओळखणारा एक जाणता मनुष्य पुरतो. उत्तराचा दुसरा भाग हा जाणता मनुष्य होय. बुलढाण्यात ही भूमिका जिल्हा पोलीस दलातील चंद्रकांत इलग यांनी पार पाडली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या पोलीस दलातीलच मोनाली जाधव यांनी २०१९ साली चीनमधील चेंगदू येथे भरलेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत तिरंदाजीचे सुवर्णपदक मिळविले. प्रथमेश जवकार हेही याच तालमीतून पुढे आले.

जवकार यांचे नाव जगापुढे आले ते मे २०२३ मध्ये. शांघाय येथील जागतिक चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी नेदरलँड्सचे माइक श्लोसर यांना १४९–१४८ असे हरविले. श्लोसर त्या वेळी जगातील पहिल्या क्रमांकाचे तिरंदाज होते, आणि जवकार यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. पंधरा बाणांत जवकार यांचा एक गुण गेला, श्लोसर यांचे दोन. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील हर्मोसियो येथे जागतिक चषकाची अखेरची फेरी झाली. तीत जवकार अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. डेन्मार्कच्या मथियास फुलरटन यांच्याशी गुणांची बरोबरी झाल्यावर जादा बाणात ते मागे पडले व रौप्यपदकाचे मानकरी ठरले. त्यानंतर महिन्याभरातच हांगझोऊचे सांघिक सुवर्ण आले.

बुलढाण्याचे उदाहरण अपवादात्मक असले तरी एकाकी नाही. देवतळे व स्वामी हे दोघे साताऱ्यातील दृष्टी आर्चरी अकादमीत प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झाले. नागपूरच्या तरुणाने साताऱ्यास जाऊन राहावे आणि जगज्जेता व्हावे, यातून हेच दिसते की या खेळात मोठे शहर निर्णायक नसून जाणता गुरू निर्णायक आहे. दोन्ही ठिकाणी केंद्र लहान, साधने मोजकी आणि सारी भिस्त एका प्रशिक्षकावर, हा साचा समान आहे.

६. पुढील प्रश्न

या साच्यातच त्याचे दौर्बल्यही दडलेले आहे. एका व्यक्तीभोवती उभे राहिलेले केंद्र त्या व्यक्तीची बदली, निवृत्ती किंवा आजार यांपैकी कोणत्याही कारणाने विस्कळीत होऊ शकते. साधनाचा खर्च हा दुसरा अडसर. उच्च दर्जाची कंपाउंड धनुष्ये परदेशांतून आणावी लागतात आणि बाण, भिंग व इतर साहित्यासह त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते. मैदान स्वस्त असले तरी धनुष्य महाग आहे. त्यामुळे शेतकरी कुटुंबातील गुणी मूल बांबूच्या धनुष्यापर्यंत सहज येते. त्यापुढील पायरीवर मात्र त्याचे पाऊल अडते. जिल्हा पातळीवर मुलांना वापरण्यास देता येतील अशी सामाईक धनुष्ये ठेवणे आणि एका प्रशिक्षकाच्या हाताखाली दुसरा प्रशिक्षक घडविणे, हे दोन उपाय त्या दृष्टीने सर्वांत निकडीचे होत. पहिल्यास पैसा लागतो. दुसऱ्यास केवळ दूरदृष्टी लागते.

तिसरा प्रश्न ऑलिंपिकचा. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत कंपाउंड तिरंदाजीचा प्रथमच समावेश केला. परंतु केवळ मिश्र दुहेरीत. तिरंदाजीत २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत भारतास एकही ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. रिकर्व्हमध्ये पॅरिस येथे धीरज बोम्मदेवरा व अंकिता भकत यांची जोडी चौथ्या स्थानापर्यंत पोहोचली, तोच काय तो सर्वाधिक जवळचा प्रयत्न. त्यामुळे २०२३ साली मिश्र दुहेरीत आशियाई सुवर्ण आणि २०२५ साली ग्वांगजू येथे वेन्नम व यादव यांच्याकरवी जागतिक रौप्य मिळविणाऱ्या भारतास ही नवी संधी मोलाची वाटणे साहजिक आहे.

तथापि ज्या सांघिक प्रकारात बुलढाण्याच्या तिरंदाजाने सुवर्णपदक मिळविले, त्यास ऑलिंपिकमध्ये स्थान नाही. तेथे तिघांऐवजी एकच पुरुष आणि एकच महिला उभी राहील. देशातील पुरुष कंपाउंड तिरंदाजांपैकी पहिल्या तिघांत येणे एक गोष्ट. पहिला येणे दुसरी. वर्मा, देवतळे, जवकार, यादव, सैनी, फुगे अशी नावे ज्या देशाजवळ आहेत, तेथे निवडचाचणी हीच अंतिम सामन्याइतकी कठीण होणार, हे उघड आहे.

भारताच्या कंपाउंड संघाचा लेखाजोखा अशा रीतीने दोन पातळ्यांवर वाचावा लागतो. राष्ट्रीय पातळीवर तो २२७ गुणांवरून २३५ गुणांपर्यंतच्या चढाचा आहे. जिल्ह्याच्या पातळीवर तो एका पोलीस कर्मचाऱ्याने चालविलेल्या सरावाचा आणि त्यातून निघालेल्या दोन सुवर्णपदकविजेत्यांचा आहे. पहिला चढ दुसऱ्यासारख्या ठिकठिकाणच्या प्रयत्नांवाचून घडला नसता. म्हणून संघाच्या पुढील यशाचा अंदाज बांधू इच्छिणाऱ्याने पदकांच्या तक्त्याबरोबरच बुलढाणा आणि सातारा येथील पन्नास मीटरांच्या मैदानांकडेही लक्ष ठेवणे इष्ट होय. त्या मैदानांवर उद्या किती मुले उभी राहतात आणि त्यांच्या मागे कोण उभे असते, यावरच हा आलेख पुढे चढणार की थांबणार हे ठरेल.